हात पोचेल तिथं कपाट

४ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरून काढतेस. मागच्या महिन्यात मी "घर घेतलं" म्हणाले, तर तू "घोडं? आणि बांधणार कुठे?" असं विचारलंस. म्हणून हे पत्र. नीट बसून वाच, कारण तुझ्याकडे काम आहे.

तर घर घेतलं. तळमजला आहे. झोपायच्या दोन खोल्या, एक आमची, एक आईची. रस्त्यापासून दारापर्यंत उतार करून घेतलाय, त्यामुळे कुणी मागून न ढकलता माझी खुर्ची थेट आत येते. दारं रुंद केली. न्हाणीघर इतकं ऐसपैस झालंय की माझा नवरा म्हणतो, इथं दुसरी बेकरी निघेल. त्याला काय, अंधार असतानाच उठून भट्टीवर जायचं आणि आल्यावर आडवं व्हायचं. घरातली कुठली भिंत कुठे आहे हे त्याला ठेच लागल्यावरच कळणार.

सगळं ठरलं, राहिलं कपाट. आमच्या खोलीत पलंगासमोर एक लांबलचक भिंत रिकामी ठेवलीय. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीतलंच कपाट करायचं. मिस्त्री येऊन बघून गेला आणि त्यानं चित्र काढून दिलं: जमिनीपासून छतापर्यंत, आरशाची दारं, वर माळे. चित्र देखणं आहे. त्यात कपाटाशेजारी उभी राहून हसणारी एक बाईसुद्धा काढलीय. मी विचारलं, "ही कोण?" तो म्हणाला, "उंचीचा अंदाज यावा म्हणून काढतो, ताई."

अपघाताला दीड वर्ष होत आलं. कमरेखालचं काही परत येणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला ते मानायला बराच वेळ लागला, पण आता ती फाइल मी बंद केलीय. तेव्हा चित्रातली ती बाई काही मी नाही. मला माझं कपाट हवंय.

तू जन्मभर नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळलास. विंगेत मिट्ट काळोख असताना हात घातला की नेमका हवा तोच अंगरखा हाती यायला हवा, असं तू सांगायचीस. मग मला सांग, हे कसं करू?

बाकी झकास. अपघातापासून आई आमच्याकडेच आहे आणि माझं सगळं तीच बघते. मला कशाची म्हणजे कशाची कमी नाही.

तुझी,
ठमी


१६ जानेवारी

चि. ठमे,

घर घेतलंस, फार छान केलंस. घोडं घेतलं नाहीस हेही बरंच झालं.

तुझं पत्र दोन गावं मागे राहिलं होतं, कंपनीच्या मॅनेजरनं आज आणून दिलं. सध्या जिथं मुक्काम आहे तिथं कपडेपट म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. राजाची शाल आणि भिकाऱ्याचं घोंगडं एकाच खुंटीवर लोंबतंय. तेव्हा जागेची अडचण म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

माझं ऐकशील तर जागा वरपर्यंत वापर. कपडा जेवढा उंच टांगशील तेवढी त्याला हवा लागते, कसर लागत नाही. वरचं काढायला लांब काठी कर आणि तिच्या टोकाला आकडी बसव. मी अशा काठीनं बारा माणसांचा दरबार खाली उतरवते. आरसा दारावर नको, दाराच्या आत लाव. दारावरचा आरसा जाता-येता उगाच विचारपूस करत राहतो.

आणि एवढी चिंता कशाला करतेस? ताई आहे ना हाताशी. वरचं तिला काढून द्यायला सांग. लहानपणी ती माझ्या वेण्या घालायची, त्या इतक्या घट्ट की दिवसभर माझे डोळे आश्चर्य वाटल्यासारखे उघडे राहायचे. तिला दुसऱ्याचं करायला आवडतं. करू दे की.

आशीर्वाद.
मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

काठी करून बघितली. कोट डोक्यावर पडला, हँगर नाकावर. माझा आवाज ऐकून आई धावत आली आणि तिला कोटाच्या आतून हसायचा आवाज आला. हसत मीच होते, पण नाकाला सूज आली ती आलीच. बसलेल्या माणसाला वर बघून काठी चालवता येत नाही. ते तुझ्या दरबारासाठी ठीक आहे.

पण तुझ्या पत्रातल्या "ताई आहे ना हाताशी" या ओळीवर मी फार वेळ अडकले. चूक तुझी नाही. मीच तुला लिहिलं होतं की मला कशाची कमी नाही. ते खोटं होतं.

मावशी, कपडे मला घालता येतात. हॉस्पिटलातच शिकवलं. पलंगावर आडवं व्हायचं, या कुशीवरून त्या कुशीवर होत पँट चढवायची, मग उठून बसायचं. वेळ लागतो, पण येतं. येत नाही ते एवढंच, की कपडे आणता येत नाहीत. या भाड्याच्या घरातलं कपाट एका बोळकांडीत आहे आणि तिथं खुर्ची वळत नाही. नवरा पहाटेच गेलेला. म्हणून रोज सकाळी आई कपडे आणून देते. आणि ती काय आणते माहितेय? मऊ, सैल, पुढून बटणं असलेलं, राखाडी नाहीतर फिकट गुलाबी. मी निळा शर्ट मागितला की म्हणते, "आज कुठे जायचंय का?" जायचं नसतंच. पण कुठे जायचं नाही म्हणून मी हे घालते, का हे घालते म्हणून कुठे जात नाही, हे मला आता कळेनासं झालंय.

डिसेंबरात एक बाई घरी आली. शाळेची बस चालवायची. बाळंत होऊन कामावर परत गेली, तर कंपनीनं सांगितलं, तुमच्या जागी दुसरा घेतला, शिवाय आता तुमचं लक्ष बाळाकडे राहणार, मुलांचा जीव धोक्यात. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या गुलाबी झग्याकडे बघितलं, आणि अगदी अदबीनं विचारलं, "वकीलबाई कधी येतील?"

मी म्हटलं, "आल्यात. बसा."

केस घेतली. एप्रिलच्या मध्यात सुनावणी आहे आणि ती मीच चालवणार. कोर्टात मी तिच्या बाजूनं उभी राहणार, म्हणजे बसून.

आता कपाटाचं. बेकरीतून रिकामी खोकी आणवली, नव्या घरात त्या भिंतीला लागून चिकटपट्टीनं पूर्ण मापाचं खोक्यांचं कपाट रचलं, आणि एक अख्खी दुपार त्यात खोटे कपडे ठेवत-काढत बसले. काय काय कळलं, सांगते. खण समोरून ओढला तर तो गुडघ्यावर आपटतो, म्हणून खुर्ची आडवी लावून बाजूनं ओढायला हवा. फळी खोल असेल तर मागचं सामान मागेच म्हातारं होतं, म्हणून फळ्या उथळ. खालचा भाग मोकळा, म्हणजे पाय आत जातात आणि मी जवळ पोचते. बाहेर उघडणारी दारं मला मागे ढकलतात, म्हणून सरकती, आणि तीही वरून लोंबणारी, जमिनीवर पट्टी नको. कपड्यांची दांडी खाली. किती खाली? बसून हात वर केला की खांदा न दुखता जिथं पोचतो तिथं. त्याच्या वर नवऱ्याचं राज्य आणि गाद्या-रजया.

मिस्त्रीनं तोंड वाकडं केलं. "ताई, लहान मुलांच्या खोलीतल्यासारखं दिसेल." मी म्हटलं, "दिसू दे. मला उघडून दाखवायचं नाही, वापरायचंय." मग कानावरची पेन्सिल काढली त्यानं आणि मापं घेतली.

तुझी,
ठमी


१४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

हे पत्र तुझ्यापाशीच ठेव. ठमीला यातलं अक्षर कळता कामा नये.

ती तुला कपाटाबद्दल लिहिते हे मला ठाऊक आहे, म्हणून तूच तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांग. माझं ऐकत नाही. छातीएवढ्या उंचीवर सगळं आणायला निघालीय. नव्या घरात खोक्यांचा डोंगर रचून ठेवला होता. मी तो रद्दीवाल्याला देऊन टाकला. चुकून दिला असं तिला सांगितलं. तुला खरं सांगते, चुकून नाही दिला.

तुला वाटेल, हिला लोकांची पडलीय. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. माझं दुखणं निराळं आहे. खुर्ची काय, आज आहे, उद्या नको झाली तर परत देता येते. कपाट तसं नाही. भिंतीत बसवलं की ते घराइतकंच टिकायचं. ती सगळं खाली घेतेय म्हणजे मी यापुढे कायमची बसणार, असं तिनं घरावर कोरून ठेवल्यासारखं आहे. हे मी कसं बघू? रोज मी तिचे पाय चोळते. परवा डाव्या पायाचा अंगठा हलला. ती म्हणाली, "आई, तो नुसता झटका असतो, त्याला अर्थ नसतो." अर्थ कसा नसेल? तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा माझंच बोट धरलं होतं. दुसऱ्यांदा टाकेल तेव्हाही मीच असणार.

म्हणून मी मिस्त्रीला गाठलं आणि सांगितलं, दांडी नेहमीच्या उंचीला ठेव, खण-बिण नेहमीसारखे कर. तो चाचरला. म्हणाला, ताईंनी वेगळं सांगितलंय. मी म्हटलं, मी तिची आई आहे. मग त्यानं मापं बदलून घेतली.

एकदा तयार झालं की ती दोन दिवस धुसफुसेल आणि तिसऱ्या दिवशी विसरेल. तोवर कपडे द्यायला मी आहेच. तू फक्त तिच्या मनाची तयारी कर.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र माझ्यापाशी ठेवलंय, कुणाला दाखवणार नाही. पण ठमीच्या मनाची तयारी मी करणार नाही.

आधी मीसुद्धा तुझ्यासारखंच बोलले होते. वरचं ताईला काढायला सांग, असं मीच लिहिलं. तिनं मला जे उत्तर दिलं ते वाचून माझे कान बरे झाले. फोनवर ऐकू येत नव्हतं ते पत्रात ऐकू आलं.

तू अंगठ्याचं लिहिलंस. मी डॉक्टर नाही, अंगठा का हलला ते मला सांगता येणार नाही. तुझ्या आशेवर मी पाणी ओतणार नाही. पण मला एक सांग, या दीड वर्षात त्या पोरीनं हट्टानं काही मागितलं होतं का? अमुकच खायला हवं, तमुक ठिकाणी जायचंय, असं एकदा तरी? मला तर आठवत नाही. आता पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं, त्यासाठी दुपारभर खपून खोकी रचली, आणि ती तू रद्दीवाल्याला दिलीस.

ताई, तुझा हात घट्ट आहे. लहानपणापासून घट्ट आहे. त्या हातानं तू तिला मरणाच्या दारातून ओढून आणलंस, हे मी विसरलेले नाही. पण आता वेणी जरा सैल घाल.

मिस्त्रीला तूच जाऊन सांग, तिला कळायच्या आत. नाही सांगितलंस तर ती तुला कोर्टात खेचेल, आणि मी तिच्या बाजूनं साक्ष देईन.

धाकटी


१२ मार्च

प्रिय मावशी,

काल मी केस जिंकले. एप्रिलमधली नव्हे, त्याआधीची.

काल नव्या घरी गेले. सगळीकडे भुसा, फेव्हिकॉलचा वास, आणि भिंतीशी माझ्या कपाटाचा सांगाडा उभा. मी आनंदानं खुर्ची पुढे घेतली आणि वर बघितलं. दांडी पार वर. हात वर केला, मग खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन अंग उचललं, तरी बोटं हवेतच. मिस्त्री रंधा हातात घेऊन त्याच्या पात्याकडे इतकं टक लावून बघत होता की मला कळलं, हे चुकून झालेलं नाही.

"कुणी सांगितलं?"

"आईसाहेबांनी," तो पात्याला म्हणाला.

आई शेजारच्या खोलीत पडद्याचं माप घेत होती. मी हाक मारली. ती आली आणि दारातच थांबली. खरं सांगते, माझ्या तोंडात फार वाईट शब्द आले होते. मी एवढंच विचारलं, "आई, हे असं का?"

ती म्हणाली, "तू चालायला लागलीस की रोज कमरेत वाकून कपडे काढावे लागतील. म्हणून."

मावशी, हे वाक्य तिनं दीड वर्षात एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटायचं तिला माझी लाज वाटते. म्हणून ते राखाडी झगे, म्हणून "कुठे जायचंय का". मी तिला इतके दिवस साफ चुकीचं वाचत होते. ती माझे चांगले कपडे लपवत नव्हती, राखून ठेवत होती. मी उभी राहीन त्या दिवसासाठी.

माझा सगळा राग गळून गेला. पण केस सोडली नाही.

मी म्हटलं, "ठीक. असं धरून चालू की मी चालायला लागले."

"धरून कशाला? लागशीलच."

"लागेनच. त्या दिवशी दांडी खाली असली, तर मी काय करीन?"

"काय करशील?"

"वाकेन. चालता येणाऱ्या माणसाला वाकता येतं. आता उलटं बघ. मी चालायला लागले नाही आणि दांडी वर असली, तर काय करीन?"

ती हातातली टेप बोटाला गुंडाळायला लागली.

"खालची दांडी दोन्हीकडे चालते, आई. वरची एकीकडेच. मी तुला आशा सोड म्हणतच नाहीये. तू आशा धर, मी शर्ट धरते."

मिस्त्री तोंड फिरवून खोकला. आईनं वरच्या दांडीला हात लावून बघितला. मग पडद्याची टेप गळ्यात टाकून माझ्याजवळ आली, मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिल न विचारता काढून घेतली आणि म्हणाली, "हात वर कर. बघू कुठवर जातो."

मी केला.

"खांदा उचलू नकोस. फसवू नकोस मला. रोजच्या रोज करायचंय ते."

मी खांदा सोडला. तिनं माझ्या बोटांपाशी फळीवर रेघ मारली, दोन बोटं खाली पुन्हा एक मारली, आणि मिस्त्रीला सांगितलं, "दांडी खाली घ्या. या रेघेवर."

आणि मावशी, त्यानंतर जे झालं त्याला तोड नाही. आईनं कपाट हातात घेतलं. खुर्ची आडवी लावून मला खण ओढायला लावले. एक खण अडतो म्हणून मिस्त्रीला तो तीनदा तासायला लावला. मुठी गोल होत्या, त्या बदलून लांब पट्टीच्या घ्यायला लावल्या, कारण "चार बोटं एकदम घातली की जोर लागतो." तो बिचारा म्हणाला, "तुम्हा मायलेकींची दोन मतं होती तेच परवडत होतं."

तुझी,
ठमी


२० मार्च

चि. ठमे,

पत्र वाचलं आणि मेकअपच्या खोलीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या खलनायकानं डोळे पुसले. त्यानं काजळ घातलेलं होतं, त्यामुळे पुढचा सगळा अंक तो फारच भयंकर दिसला.

ताईनं मिस्त्रीला काय सांगितलं होतं ते मला आधीच कळलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण ते तिनं तुला सांगायचं होतं. यावर रागवायचं असेल तर रागव, मी लांब आहे.

आता कामाचं. कोर्टात घालायचा तुझा काळा कोट मला पाठव. उभ्या माणसासाठी शिवलेला कोट बसलं की मागून गोळा होतो आणि पुढून पोटावर फुगतो. सिंहासनावर बसणाऱ्या राजाचा अंगरखा आम्ही मागून आखूड आणि पुढून अंगाबरोबर करतो. बघणाऱ्याला फक्त रुबाब दिसतो. बाहीसुद्धा मनगटाला आवळून देते, चाकात जाणार नाही.

कपाटात कोर्टाचे कपडे उजव्या हाताला टांग. सकाळी घाईत माणूस उजवीकडेच हात घालतो.

मावशी


२८ एप्रिल

प्रिय धाकटे,

हे पत्र मी माझ्या घरून लिहितेय. हो, माझ्या. ते कसं, ते पुढे येईलच. आधी जे सांगायला हात शिवशिवतोय ते सांगते.

सुनावणीच्या सकाळी नव्या घरात मी सवयीनं उठले आणि सवयीनं तिच्या दारापर्यंत गेले. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला, "आई, चहा टाक, मी येते." मी चहा टाकला नाही. तिथंच बाहेर स्टुलावर बसले आणि ऐकत राहिले. दार सरकल्याचा आवाज. खण ओढला, बंद केला, दुसरा ओढला. मग हँगर दांडीवरून सरकला. मग पलंग कुरकुरला आणि बराच वेळ काही नाही. माझे हात आपोआप दाराकडे जात होते, मी ते मांडीखाली दाबून धरले. मध्ये एकदा काहीतरी पडलं आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, ते मी तुला लिहिणार नाही. आणि मग, विश्वास ठेव, ती गुणगुणायला लागली. अपघातापासून या पोरीच्या गळ्यातून सूर निघाला नव्हता.

दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात निळा शर्ट होता आणि वर तू नीट करून पाठवलेला कोट. असा बसला होता, धाकटे, की तुझे हात धुऊन पाणी प्यावं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "चहा कुठाय?"

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले. न्यायाधीश आत येताना सगळे उभे राहतात, त्या क्षणाची मला आदल्या दिवसापासून धास्ती होती. सगळे उठले. मीही उठले. ती तेवढी बसलेली, मान ताठ. न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान लववली, त्यांनीही लववली, आणि काम सुरू झालं. संपलं. एवढंच होतं ते.

बस कंपनीचा मॅनेजर साक्षीला आला. ठमीनं त्याला विचारलं, "तुमच्याकडे किती पुरुष ड्रायव्हरांना लहान मुलं आहेत?"

तो म्हणाला, "तसं काही आम्ही विचारत नाही."

"का नाही विचारत?"

"त्याचा कामाशी काय संबंध?"

ती जरा थांबली. मला वाटलं विसरली की काय. ती विसरली नव्हती, सगळ्यांना ते वाक्य नीट ऐकू जावं म्हणून थांबली होती. मग अगदी हळू म्हणाली, "माझंही म्हणणं एवढंच आहे." आणि फाइल मिटली.

समोरच्या वकिलानं पुष्कळ हातपाय मारले, पण होडी बुडालेलीच होती. दुपारनंतर निकाल आला. त्या बाईला तिची बस परत, तिचा तोच रस्ता परत, मधल्या काळाच्या पगारासकट. ती बाई धावत आली आणि ठमीच्या गळ्यात पडली, खुर्ची मागे सरकली, दोघी भिंतीवर आपटल्या आणि हसत सुटल्या. बाहेर आल्यावर एका तरुण वकिलानं ठमीला विचारलं, "मॅडम, तुम्ही पुन्हा नियमित येणार का?" ती म्हणाली, "येणार म्हणजे? आलेच आहे." गाडीत बसायच्या आधी तिच्या हातात दोन नवी कामं होती.

त्या संध्याकाळी जावई बेकरीतून एवढा मोठा केक घेऊन आला आणि दारातल्या उताराला अडखळला. केक वाचला, तो नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "माझ्या खोलीतलं कपाट मिस्त्रीला कसं करायला सांगू?" तिनं माझ्याकडे बघितलं. "आई, पाहुणीपुरतं कर. चार दिवस राहायला येशील तेवढ्याचं." मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी म्हटलं, "हाकलतेस?" ती म्हणाली, "हो. तुझ्या घराला दीड वर्ष कुलूप आहे आणि तुझ्या पोहायच्या मैत्रिणी मला फोन करून शिव्या देतात."

वाईट वाटलं का? वाटलं. घरी येऊन खिडक्या उघडल्या, धूळ झाडली, एकटीनं जेवले, रडलेही थोडी. पण परवा तलावावर गेले. पाण्यात शिरले तशा त्या बायांनी काठावर टाळ्या वाजवल्या. चार हात मारले आणि दम लागला. आज सहा मारले. अंगठ्याची आशा मी सोडलेली नाही, ते तुला ठाऊकच आहे. पण आता ती माझी मी बाळगते, तिच्या अंगावर घालत नाही.

एक राहिलं. मी निघाले त्या सोमवारची गोष्ट. सकाळी मी बॅग घेऊन दारात उभी, ठमी कामाला निघालेली, मांडीवर फाइली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला शाळेची पिवळी बस वळली. तो तिचा रस्ता नव्हता, मुद्दाम वळवून आणली होती. बस दारासमोर थांबली आणि त्या बाईनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. सगळी गल्ली खिडकीत आली. बसमधली पोरं काही कळत नसताना ओरडत होती, हात हलवत होती. ठमीनं खुर्ची उतारावर आणली, चाकांवरचे हात सोडले, आणि दोन्ही हात वर करून मोकळी सुटली ती थेट रस्त्यापर्यंत.

मी धरायला पुढे झाले नाही. टाळ्या वाजवत होते.

तुझी,
ताई